समेची वाट

या, असे पुढे या. मागं भिंतीला टेकून बसू नका, जवळ सरका. लहान मुलं असतील तर त्यांना आत खेळायला बसवून या. गोष्ट वाईट नाही, पण नाजूक आहे, आणि नाजूक गोष्ट हळू आवाजातच सांगावी लागते. आज एका तबलजीची कथा सांगतो. घडून गेलेली नव्हे, घडू घातलेली. वीसेक वर्षं पुढं चला. गाव मात्र ओळखीचंच घ्या, मिरज. तिथं तेव्हाही गल्लोगल्ली दवाखाने असतील, सतारी-तंबोरे तेव्हाही तिथंच बनतील, आणि दर गुरुवारी संध्याकाळी घाटाच्या वाटेवरल्या दत्ताच्या देवळात तेव्हाही कीर्तन होईल. होईलच. यंत्रं किती का बदलेनात, गोष्ट ऐकायला माणसाला माणसांत येऊनच बसावं लागतं.

तर शर्विल म्हेत्रे. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, सडपातळ, लांब बोटांचा. दिवसा तो दुकानात म्हाताऱ्या माणसांना श्रवणयंत्रं बसवून द्यायचा आणि गुरुवारी गोदूताईंच्या कीर्तनाला तबल्याची साथ करायचा. गोदूताई पाठक म्हणजे साठी उलटलेल्या, नऊवारीवर कमरेला उपरणं घट्ट आवळलेल्या, आणि हातात झांज आली की पंचविशीतल्या होणाऱ्या. पेटीवर यशोधन, शर्विलचा शाळेपासूनचा मैतर. तिघांचं असं काही जुळलं होतं की ताईंनी नुसती भुवई उचलली तरी दोघांना पुढचं पद कळायचं.

कीर्तनात सम फार मोलाची. तालाचं आवर्तन फिरून जिथं पुन्हा पहिल्या मात्रेवर येतं, ती सम. गाणारा लांब कुठंतरी निघून जातो, ऐकणाऱ्याला वाटतं आता हा काही परत येत नाही, आणि तो अलगद समेवर येऊन उतरतो. त्या क्षणी साऱ्या देवळाची मान एकदम हलते. लोकांना वाटतं, गोडी त्या उतरण्यात आहे. तबलजीला ठाऊक असतं, गोडी त्याच्या आधीच्या वाट बघण्यात आहे.

आणि नेमकी तीच वाट शर्विलला बघवेनाशी झाली. ताई लांबवर गेल्या की त्याचा हात आधीच पडायचा. लय पुढं पळायची.

"काय रे शर्व्या," एकदा बुक्का लावता लावता ताई म्हणाल्या, "कुठली गाडी सुटतेय तुझी? मी येतेय ना समेवर? मला उतरू तरी देत जा."

सगळे हसले. शर्विलही हसला. पण कारण त्याला माहीत होतं.

कारणाचं नाव होतं झरोका. चष्म्यासारखा डोळ्यांवर चढवायचा. त्यात उघडीवाघडी चित्रं दिसायची, पण आजच्या मोबाइलमध्ये दिसतात तशी कुणी कुठं काढून ठेवलेली नव्हेत. त्यातली बाई जगात कुठंच नसायची, यंत्र तिला त्या क्षणी घडवायचं. कुणाची फसवणूक नाही, कुणावर जबरदस्ती नाही, म्हणून कायदाही बुचकळ्यात पडलेला आणि बघणाऱ्याच्या मनालाही बोचणी नाही. खरी करामत निराळीच होती. झरोका बघणाऱ्यालाच बघायचा. डोळ्याची बाहुली किती फाकली, नाडी किती चढली, हे त्याला कळायचं. तुम्हाला कंटाळा येतोय हे तुमच्याआधी त्याला समजायचं, आणि कंटाळा पुरता यायच्या आत तो चेहरा बदलायचा, खोली बदलायचा, सगळंच बदलायचा.

आता आपल्या मेंदूत ‘हवं’ आणि ‘मिळालं’ यांची घरं वेगवेगळी आहेत. डोपामिन नावाचं जे रसायन आहे, ते ‘मिळालं’च्या घरात फारसं रमत नाही, ‘हवं’च्या उंबऱ्यावर उभं असतं. जेवणाचं ताट पुढ्यात आल्यावर नव्हे, फोडणीचा वास आल्यावर ते उसळतं. झरोक्यानं काय केलं, तर जेवू दिलंच नाही, फोडणीवर फोडणी देत राहिला. मग मेंदू काय शिकला? थांबायचं नसतं. जरा ओसरलं की नवं समोर येतं. आणि जिवंत माणूस, किती का आवडता असेना, दर चार श्वासांनी चेहरा बदलत नाही.

सगळ्यांचंच बिघडलं असं नाही बरं का. कित्येकांनी पाहिलं, कंटाळले, सोडून दिलं. शास्त्रज्ञांतही वाद होते. कुणी म्हणे दोष झरोक्याचा, कुणी म्हणे मुळातल्या एकटेपणाचा, कुणी म्हणे लाजेचा. पण शर्विलनं तो मिसरूड फुटायच्या वयात डोळ्यांवर चढवला होता, तो लग्न झाल्यावरही उतरवला नव्हता.

लग्न झालं तासगावच्या ईश्वरीशी. बेदाण्याच्या शीतगृहात ती प्रतवारी बघायची. बोलायला फटकळ, हसायला मोकळी. पहिल्याच भेटीत तिनं पर्समधून मूठभर बेदाणे काढून त्याच्या हातावर ठेवले होते आणि विचारलं होतं, "यातला घाईनं वाळवलेला कुठला, सांग बघू?" त्याला सांगता आलं नाही, आणि ती इतकी हसली की हॉटेलातले लोक वळून बघायला लागले. शर्विलचं मन तिच्यावर तिथंच जडलं.

आणि म्हणूनच पुढचं दुःख फार खोल गेलं. मन जडलेलं, पण शरीर परक्यासारखं. ती जवळ आली की त्याच्या छातीत धडधड व्हायची ती ओढीची नव्हे, परीक्षेची. आज तरी जमेल का? जमायचं नाही. मग कधी डोकं दुखायचं, कधी उद्या दुकानात लवकर जायचं असायचं. ईश्वरी आधी समजून घ्यायची, मग गप्प व्हायची, मग पाठ करून झोपायची.

त्यातच यशोधनचं झालं. त्याचंही लग्न अशाच कारणानं मोडलं. बायको निमूट माहेरी गेली, पण तिच्या कुणा आतेभावानं गावभर करायचं ते केलं. यशोधन चौकात चहाला गेला की कुणीतरी मुद्दाम मोठ्यानं म्हणायचं, "स्ट्राँग दे रे ह्याला." देवळात येणं त्यानं बंद केलं. ताईंनी बोलावलं तर म्हणाला, "आधी निर्मळ होतो ताई, मग येतो." आणि एके सकाळी घाटाजवळच्या आपल्या खोलीची किल्ली शर्विलच्या हातात देऊन तो निघून गेला. कुठं, ते सांगितलं नाही. फोन बंद.

शर्विल पार हादरला. त्यानं काय करावं? झरोका सोडावा, कुणाशी तरी बोलावं. त्याऐवजी त्यानं तबला सोडला. हो, तबला! कीर्तनात वाढलेल्या पोराला जी चूक सुचते, तीच त्याला सुचली. या डोळ्यांनी काय काय पाहिलं आणि याच हातांनी देवापुढं साथ करायची? डग्गा-तबला पिशवीत घालून त्यानं कपाटावर ठेवला. ताईंना सांगितलं, मनगट दुखतं.

घरात शर्विलच्या आई होत्या. प्रेमळ बाई, पण त्यांच्या डोक्यात एकच हिशेब.

"ईश्वरी, शनिवारी कोल्हापूरला जाऊ, अंबाबाईची ओटी भरू. येताना त्या डॉक्टरीणबाईंनाही दाखवून येऊ."

"कुणाला दाखवायचं, आई?"

"तुलाच की. त्याला काय धाड भरलीय? धडधाकट तर आहे."

शनिवारी संध्याकाळी परत आल्यावर आई शेजारी प्रसाद द्यायला गेल्या. ईश्वरीनं स्वयंपाकघरात पर्स ठेवली आणि शर्विलसमोर उभी राहिली.

"त्या डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, नवराबायको एकत्र येता ना? मी म्हटलं, हो. देवीची ओटी भरून आल्या आल्या तुझ्यासाठी खोटं बोलले. आता मला खरं सांग. माझ्यात काही कमी आहे?"

"नाही गं."

"दुसरी कुणी आहे?"

शर्विल खाली बसला. "दुसरी असती तर तुला नाव तरी सांगितलं असतं," तो म्हणाला, आणि मग सगळंच सांगितलं. झरोका, मिसरूड, लाज, यशोधन. सांगताना त्यानं एकदाही वर बघितलं नाही. ईश्वरीनं चहाचं आधण ठेवलं होतं, ते उकळून आटून गेलं तरी तिच्या लक्षात आलं नाही.

"आणि मी वेडी," ती शेवटी म्हणाली, "आरशासमोर उभं राहून शोधत होते, कुठं काय बिघडलंय."

दुसऱ्याच आठवड्यात दोघं डॉक्टर तन्वीर मोमीन यांच्याकडं गेले. मोमीनांचे वडील तंबोरे बनवायचे, मुलगा माणसं दुरुस्त करायला लागला. आधी त्यांनी रक्त तपासलं, साखर पाहिली, रक्तदाब पाहिला, कारण अशा तक्रारीमागं कधी कधी भलताच आजार दडलेला असतो. मग सरळ विचारलं, "पहाटे झोपेतून उठताना शरीर जागं असतं?"

शर्विलचे कान तापले. "असतं."

"मग तार शाबूत आहे, तारा जिच्यावर टेकतात ती घोडीही जागेवर आहे. वाजवणारा तेवढा गडबडलाय. घाबरू नका. तुमच्याच वयाची किती मुलं त्या बाकावर बसून जातात. सगळे भिंतीवरचं कॅलेंडर वाचल्यासारखं करतात."

ईश्वरीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी.

डॉक्टरांनी एक लिंबाच्या बीएवढी टिकली दाखवली. तिचं नाव चाहूल. कानामागं चिकटवायची. त्वचेखालची नाडी, बारीक घाम आणि मेंदूतली सूक्ष्म वीज यांवरून मनात ओढ उठली की तिला कळायचं. झरोकावाल्यांनी जी विद्या ओढ वाढवायला वापरली, तीच डॉक्टरांनी उलटी फिरवली होती. ओढ चढायला लागली की टिकली हळूच थरथरायची. त्यानं पळायचं नाही आणि ती भागवायचीही नाही. नुसतं तिच्यासोबत बसायचं. लाट आपोआप उतरते, हे मेंदूला नव्यानं शिकवायचं.

"दोघांची तयारी असेल तर बायकोच्या फोनवरही ओढीच्या चढउताराची रेघ दिसू शकते," डॉक्टर म्हणाले. "पण विचार करून हो म्हणा. आग लागलीय एवढं दिसेल. काय जळतंय, ते दिसणार नाही."

"मला चालेल," ईश्वरी म्हणाली. शर्विलनं मान हलवली. ज्याच्यावरचा विश्वास उडालाय, त्यानं आणखी काय म्हणायचं?

झरोका त्यानं खरोखर सोडला. चष्मा नेऊन डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. पहिले काही आठवडे रेघेचे नुसते करवतीसारखे दात. वर, खाली, वर, खाली. मग दात बोथट झाले, आणि रेघ सपाट पडली. अगदी सपाट. जेवताना सपाट, सिनेमा बघताना सपाट.

"असं होतं कधी कधी," मोमीन म्हणाले. "जुनं सुटलंय, नवं उगवलेलं नाही. थोडा धीर धरा."

ईश्वरीनं धरला. पण एका रविवारी न्हाऊन, मोकळे केस पाठीवर टाकून ती त्याच्याशेजारी येऊन बसली. त्याचा हात तिनं हातात घेतला. फोन टीपॉयवर पडला होता. दोघांनाही बघायचं नव्हतं, दोघांनीही बघितलं. रेघ पाटीवर ओढावी तशी सरळ.

"माझ्यासाठीसुद्धा नाही," ती म्हणाली.

"ईशू, ते यंत्र आहे..."

"मग तू सांग ना यंत्राला बाजूला ठेवून. मी हवी आहे का तुला?"

त्यानं फोन पालथा घातला. हो म्हणायचं तर पुरावा सपाट, नाही म्हणायचं तर जीव जात होता. दुसऱ्या दिवशी ईश्वरीनं सांगितलं, कंपनी नाशिकला नवं शीतगृह उघडतेय, तिला तिकडं बोलावलंय, पुढच्या सोमवारी कळवायचंय. एवढंच सांगितलं. थांबव म्हणाली नाही, जाते म्हणाली नाही.

त्याच आठवड्यात गोदूताई दुकानात आल्या. त्यांचं श्रवणयंत्र कुरकुरत होतं. शर्विलनं ते उघडलं, चिमट्यानं आतला मोहरीएवढा भाग उचलला, कचरा झटकला, परत बसवला.

"ताई, आता नीट ऐकू येतं?"

"तुझा खोटेपणा फार स्पष्ट ऐकू येतोय. मनगट दुखतं म्हणालास ना? त्याच मनगटानं आत्ता मोहरी उचललीस की रे."

शर्विलनं चिमटा खाली ठेवला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. तो म्हणाला, "ताई, मी पारोसा आहे." मग जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. ताईंनी मध्ये एकदाही "अगोबाई" केलं नाही.

"तबल्याला वरती काय असतं?" त्यांनी विचारलं.

"शाई."

"शाईखाली?"

"कातडं."

"कुणाचं?"

"बकरीचं."

"ते सोवळं आहे?"

शर्विल आपल्या बोटांकडं बघायला लागला.

"बकरीचं कातडं दत्तापुढं चालतं, इतकी वर्षं चाललंय. तुझे तेवढे हात चालत नाहीत होय? देवापेक्षा तुझंच सोवळं कडक निघालं." मग त्यांचा आवाज उतरला. "तो यशोधनही हेच म्हणाला मला. आधी निर्मळ होतो, मग येतो. मी मठ्ठ, मी त्याला तेव्हाच धरायला हवं होतं. अरे, आधी आंघोळ उरकतो आणि मग नदीवर येतो, असं म्हणतं का कुणी? गुरुवारी ये. चुकलास तरी ये."

"लय पळेल, ताई."

"पळू दे. मी आहे ना पुढं उभी. पळून पळून कुठं जाईल?"

गुरुवारी शर्विलनं पिशवी खांद्याला लावली. ईश्वरीला सांगितलं, दुकानात जास्तीचं काम आहे. खोटं का बोलला? कारण तिच्यासमोर एकदा हरला होता, आता तबल्यावरही हरलेला त्याला दिसायचं नव्हतं.

ईश्वरी घरी बेदाण्याचे नमुने तपासत बसली होती. साडेसहाच्या सुमाराला फोन थरथरला. तिनं बघितलं आणि तिच्या हातातली वाटी कलंडली. रेघ चढत होती. इतके आठवडे मेलेली रेघ उठून चालायला लागली होती. तिनं शर्विलला फोन लावला, उचलला नाही. दुकानात लावला, कुणी घेईना. मग तिला यशोधनची खोली आठवली. किल्ली शर्विलकडं. रिकामी खोली, आतून कडी, डोळ्यांवर नवा झरोका.

ती रिक्षा करून घाटापाशी उतरली तेव्हा रागानं तिला नीट दिसतही नव्हतं. मनात वाक्य तयार होतं: नाशिकला जातेय मी. एवढंच म्हणायचं आणि वळायचं. खोलीपाशी आली. कुलूप. कुलपावर धूळ. तिनं फोन पाहिला. रेघ अजून चढतच होती. आणि पलीकडच्या देवळातून झांजेचा आवाज येत होता, खाली तबला.

ईश्वरी देवळाच्या दाराशी गेली, चप्पल काढायचंही विसरली, मग आठवून काढली. उत्तररंग, म्हणजे कीर्तनातला गोष्टीचा भाग, रंगला होता. गोदूताई एका ओताऱ्याची गोष्ट सांगत होत्या.

"...गावानं सांगितलं, देवळाला घंटा हवी. ओताऱ्यानं साचा केला, कांसं ओतलं. आता निवेपर्यंत थांबायचं. पण याला कुठला धीर? गरम साचाच फोडला! घंटा निघाली, टोल दिला, तर आवाज काय यावा? भद्द! फुटक्या मडक्यासारखा. सारं गाव हसलं. पुन्हा वितळवली, पुन्हा ओतली. आता हातोडा घेऊन साच्यापुढं बसलाय. हात शिवशिवतोय. बायको शेजारी येऊन बसली. म्हणाली, धनी, अजून थोडं. तो उठला, ती म्हणाली, अजून थोडं. हातोडा उचलला, ती म्हणाली..."

ताई थांबल्या. हात वर केला आणि विठ्ठलनामाचा गजर उचलला. साधा ठेका, टाळ्या, सारं देऊळ डोलायला लागलं. मग त्यांनी नाम लांबवलं. स्वर उंच गेला, तिथंच राहिला. झांज थांबली. टाळ्या थांबल्या. तबलाही थांबला.

शर्विल ईश्वरीला समोरच दिसत होता. डोळे मिटलेले, उजवा हात तबल्याच्या चार बोटं वर उचललेला, कपाळावर घाम. त्याच्या शेजारी गालिच्यावर एक पेटी होती, बंद, वरून उपरणं पांघरलेली. समोर बसणारं कुणी नव्हतं. स्वर काही संपत नव्हता.  आता पडेल हात, ईश्वरीला वाटलं, आता पडेल. पडला नाही.

तिनं हातातल्या फोनकडं पाहिलं. रेघ वर वर चालली होती. आणि वर जाताना तिला दात नव्हते. एखादा डोंगर चढत जावा तशी ती चढत होती. शर्विलच्या डोळ्यांपुढं कुठलंच चित्र नव्हतं, समोर काही बदलत नव्हतं. तो फक्त वाट बघत होता, आणि वाट बघता बघता भरून येत होता.

ताई उतरल्या. हात पडला. देवळाची मान एकदम हलली. ईश्वरीचीही हलली, आणि तिच्या डोळ्यांतून खळकन पाणी आलं. मनात तयार असलेलं वाक्य तिला नंतर आठवेना.

गोष्टीतली घंटा पुढं वाजली हे सांगायला नकोच. आरतीनंतर ताईंनी सगळ्यांना बुक्का लावला. ईश्वरीपाशी आल्यावर क्षणभर थांबल्या, म्हणाल्या, "तू होय गं? बरं केलंस आलीस. तुझा नवरा अजून अर्धी मात्रा पळतो हो. मला ऐकू कमी येतं म्हणून बरं."

दोघं घाटाच्या पायऱ्यांवर बसली. हातात प्रसादाचे फुटाणे. कृष्णेचं पाणी संथ होतं.

"मी तुला रंगेहाथ पकडायला आले होते," ईश्वरी म्हणाली.

"कळलं मला. दारात उभी होतीस तेव्हा चेहरा अगदी फौजदारासारखा होता."

"डोळे मिटले होते की तुझे."

"शेवटी उघडले."

ती थोडं हसली. मग हात पुढं करून तिनं त्याच्या कानामागची टिकली अलगद सोलून काढली आणि फुटाण्यांच्या कागदात गुंडाळली.

"हे डॉक्टरांना परत दे. मला तुझी रेघ नको आता. काय हवंय ते तोंडानं सांग."

"भूक लागलीय."

"आणखी?"

शर्विल पाण्याकडं बघत राहिला. हात मांडीवर, बोटं जराशी उचललेली, मघाच्यासारखी. ईश्वरीनं घाई केली नाही.

"तू नाशिकला जाऊ नयेस," तो म्हणाला. "म्हणायचा हक्क नाही मला. तुला तिथं चांगलं काम मिळतंय, हेही कळतं. पण तू मला हवी आहेस. सपाट होतो तेव्हाही हवी होतीस. मला म्हणता येत नव्हतं."

ईश्वरीनं एक फुटाणा तोंडात टाकला. चावून संपवला.

"लग्न झाल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलंस," ती म्हणाली. "सोमवारी सांगते."

"सोमवारी?"

"हो. बघ वाट. येते ना आता तुला?"

सोमवारी तिनं नाशिकला ‘नाही’ असं कळवलं. त्याच दिवशी सासूबाईंना समोर बसवून स्वच्छ सांगितलं की यापुढं माझी ओटी भरायची तर हौसेनं भरा, औषध म्हणून नको. शर्विल शेजारी बसला होता. "दोष माझा होता, आई," तो म्हणाला, आणि आभाळ काही कोसळलं नाही.

पुढं सगळं एका फुंकरीत सुरळीत झालं, असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. महिने गेले. मोमीनांकडचं जाणं सुरू राहिलं. कधी जमलं, कधी दोघं हसून झोपी गेली, आणि ज्या दिवसापासून हसता यायला लागलं त्या दिवसापासून परीक्षा सुटली. डॉक्टरांनी ती डोंगरासारखी रेघ पुन्हा पुन्हा न्याहाळली. करवतीचे दात म्हणजे उतावळी ओढ, डोंगर म्हणजे धीर धरलेली ओढ, एवढं त्यांना कळलं. ते उत्साहानं ताईंकडं गेले की मी माझ्याकडं येणाऱ्या सगळ्या मुलांना तुमच्या कीर्तनाला पाठवतो.

"पाठवा," ताई म्हणाल्या, "पण माझ्या दत्ताची गोळी करू नका डॉक्टर. एखाद्याला पोहण्यात सापडेल, एखाद्याला भाकरी थापण्यात. वाट बघायला लावणारं काहीही चालेल. फक्त कुणाला एकटं नका पाठवू."

आता आरती घेऊ. पण उठण्याआधी एक मागणं आहे. त्या देवळात दर गुरुवारी ती पेटी अजून तशीच मांडली जाते, उपरणं पांघरून. कीर्तन सुरू व्हायच्या आधी ताई उपरणं काढतात, भाता एकदा हलवतात, सूर जागा आहे ना बघतात आणि पुन्हा झाकतात. यशोधन काही आला नाही. शर्विलला जो हात मिळाला, तो त्याला कुणी दिला नव्हता. कोण जाणे, तुमच्या गावात, तुमच्या मजल्यावर, तुमच्या घरातल्याच बंद दाराआड तो बसलेला असेल, आधी निर्मळ होतो आणि मग येतो म्हणत. दिसला तर त्याला हसू नका, त्याला सांगा की जागा धरून ठेवलीय. आणि नाही दिसला, तरी रात्री देवापुढं दिवा लावाल तेव्हा सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर त्याचंही एक घ्या. यशोधन. पेटी फार गोड वाजवायचा.